वाचकांचे प्रश्न : ढोल, घोषणा आणि शांतपणे सामना पाहण्याचा हक्क

फुटबॉलच्या मैदानात किती आवाज असावा, तो कोणी करावा आणि ज्याला तो नको त्याने काय करावे, या विषयावर या महिन्यात एकमेकांशी अजिबात न जुळणारी पत्रे आली. त्यांपैकी पाच येथे घेतली आहेत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी सत्तरी ओलांडलेला प्रेक्षक आहे. कूपरेजवर रोव्हर्स करंडकाचे सामने पाहत मोठा झालो. अलीकडे नातवाबरोबर शहरातील एका लीग सामन्याला गेलो, तर पहिल्या मिनिटापासून शेवटच्या शिट्टीपर्यंत ढोल थांबला नाही. पुढच्या रांगा उभ्या राहिल्यामुळे पलीकडचा गोल दिसलाच नाही. बसायला सांगितले, तेव्हा ‘काका, मग घरी टीव्हीवर बघा ना,’ असे उत्तर मिळाले. शांतपणे खेळ पाहू इच्छिणाऱ्याला मैदानात आता जागा उरलेली नाही, असे समजायचे का? — एक वाचक, गिरगाव

उत्तर : तसे समजू नये. तुम्हाला मिळालेले उत्तर उद्धटपणाचे होते, हे प्रथम नोंदवतो. तिकीट काढून आलेल्या माणसाला घरी जायला सांगण्याचा अधिकार शेजारच्या प्रेक्षकाला नसतो. मात्र कूपरेजवरचे प्रेक्षक शांत असत, असे तुमच्या पत्रातून सूचित होते, ते मला पूर्णपणे मान्य नाही. 1891 साली सुरू झालेल्या या स्पर्धेसाठी मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहम्मडन स्पोर्टिंग यांच्यासारखे कोलकात्याचे संघ मुंबईत येत, तेव्हा त्यांचे पाठीराखेही या शहरातच राहत होते आणि ते गप्प बसणाऱ्यांपैकी नव्हते. आवाज तेव्हाही होता, परंतु तो खेळाच्या मागून येई. बगलेवरून कोणी वेगाने निघाला की तो चढे, फटका बाहेर गेला की कोसळे, आणि मधल्या काळात शेजाऱ्याशी वाद घालण्याइतकी उसंत मिळे.

तुम्ही पाहिलेली पद्धत वेगळी आहे आणि ती युरोपच्या मुख्य भूमीवरून, विशेषतः इटली आणि जर्मनीतून, आपल्याकडे आली. तेथे संघटित पाठीराख्यांचा गट गोलमागच्या स्टँडमध्ये उभा राहतो. त्यांच्यापैकी एक जण मैदानाकडे पाठ करून, हातात भोंगा घेऊन, गाणी सांगतो आणि ढोल त्यांचा ठेका धरतो. संघ तीन गोलांनी मागे असला तरी गाणे थांबत नाही, कारण पडत्या काळातही साथ सोडायची नाही, हीच त्यामागची निष्ठेची कल्पना आहे. या कल्पनेत मोठेपणा आहे, पण तिची किंमतही आहे. आवाज खेळापासून सुटा होतो आणि गोलपोस्टला लागून परत आलेल्या चेंडूवर हजारो लोकांच्या तोंडून जो एकच उद्गार निघायचा, तो ढोलाखाली दबून जातो. म्हणून माझी कसोटी आवाजाच्या मोठेपणाची नाही. मैदानात काही घडले की तो आवाज बदलतो की नाही, एवढेच मी पाहतो. जो बदलतो तो कितीही मोठा असला तरी मला खटकत नाही. जो बदलत नाही तो गोड असला तरी खटकतो.

आता जागेचा प्रश्न. लोकलच्या भजनी डब्यात टाळ वाजू लागले की झोपेच्या आशेने चढलेला प्रवासी पुढच्या स्थानकावर डबा बदलतो आणि भजनी मंडळीही सगळी गाडी आपलीच आहे असे मानत नाहीत. मैदानावर नेमकी हीच व्यवस्था हवी, आणि ती करणे आयोजकांच्या हातात आहे. डॉर्टमुंडच्या मैदानात दक्षिणेकडच्या एकाच स्टँडमध्ये सुमारे 25,000 लोक उभे राहतात, आणि त्याच मैदानातील इतर हजारो लोक आपापल्या खुर्च्यांवर बसून तोच सामना पाहतात. इंग्लंडने दुसरी वाट धरली होती. 15 एप्रिल 1989 रोजी हिल्सबरो येथे झालेल्या चेंगराचेंगरीत 97 जणांचा बळी गेला आणि त्यानंतर लॉर्ड न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालानुसार वरच्या दोन श्रेणींच्या मैदानांवर सर्वांना बसण्याची सक्ती झाली. मैदाने सुरक्षित झाली, परंतु गाणारे, न गाणारे, तरुण, वयस्क असे सगळे जिथे खुर्ची मिळेल तिथे विखुरले. मग ज्यांना उभे राहायचे होते ते खुर्च्यांपुढेच उभे राहू लागले आणि त्यांच्यामागे बसलेल्यांची तुमच्यासारखीच अडचण होऊ लागली. अखेर 2022 मध्ये, प्रत्येक रांगेपुढे कठडा असलेल्या ठरावीक भागांत उभे राहण्यास तेथे पुन्हा परवानगी देण्यात आली. आपल्याकडेही तिकीट विकतानाच ‘हा भाग उभे राहणाऱ्यांचा’ असे स्पष्ट छापले, तर निम्मी भांडणे फाटकाबाहेरच संपतील. तोवर तुम्ही मध्यरेषेच्या समोरचे आणि शक्य तितके वरच्या रांगेतले तिकीट घ्या. खेळाची मांडणी तिथूनच उत्तम दिसते, आणि गाणाऱ्या मंडळींना सहसा ती जागा नको असते.

प्रश्न : मी महाविद्यालयीन विद्यार्थी असून एका पाठीराखा गटात ढोल वाजवतो. आमच्यामुळे संघाला बळ मिळते, असे आम्ही मानतो. मागच्या रांगेतील लोक मात्र हाताची घडी घालून बसतात आणि आम्हालाच नावे ठेवतात. आमच्या आवाजाचा निकालावर खरोखर परिणाम होतो का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : होतो, पण तुम्हाला वाटतो त्या ठिकाणी तो सर्वाधिक होत असेलच असे नाही. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका इंग्लिश अभ्यासात 40 पात्र पंचांना एका जुन्या सामन्यातील 47 टॅकल चित्रफितीवर दाखवण्यात आल्या. काही पंचांना प्रेक्षकांचा आवाज ऐकवला, उरलेल्यांना नाही. ज्यांनी आवाज ऐकला त्यांनी यजमान संघाविरुद्ध 15.5 टक्के कमी फाउल दिले. म्हणजे तुमचा ढोल बचावपटूच्या पायांत बळ भरतो की नाही ते बाजूला ठेवले, तरी प्रेक्षकांचा गलका पंचाच्या कानापर्यंत निश्चित पोहोचतो. करोनाच्या काळात रिकाम्या मैदानांवर सामने झाले तेव्हा याची उलट बाजू दिसली. इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या 2020-21 च्या हंगामात पाहुण्या संघांनी 153, तर यजमानांनी 144 सामने जिंकले. एरवी यजमानांचेच पारडे जड असते. (त्या हंगामात दूरचित्रवाणीवर प्रेक्षकांचा ध्वनिमुद्रित आवाज मिसळला जात होता. तो बंद करून सामना पाहणाऱ्यांना गोलरक्षक आपल्या बचावफळीला किती आणि काय काय सांगत असतो, हे कदाचित प्रथमच ऐकू आले असेल.) तरीही आपल्याच शहराचे उदाहरण विसरू नका. मुंबई सिटीने 2020-21 मध्ये इंडियन सुपर लीगची ढाल (साखळी फेरीतील अव्वल क्रमांकाची) आणि करंडक दोन्ही जिंकले, ते गोव्यात, प्रेक्षकांविना. ढोल नसला की संघ हरतोच, असा दावा कोणी करू नये.

गर्दीचे मोल निकालापलीकडचेही असते. 1 जून 2018 रोजी अंधेरीत भारताने चायनीज तैपेईला 5-0 असे हरवले, तेव्हा स्टँडमध्ये 2,569 प्रेक्षक होते. दुसऱ्या दिवशी कर्णधार सुनील छेत्रीने चित्रफितीद्वारे लोकांना विनवले की हवे तर टीका करा, शिव्या द्या, पण मैदानावर या. 4 जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटे संपली. तो छेत्रीचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. भर पावसात लोक भिजत थांबले आणि भारत 3-0 असा जिंकला. त्या सायंकाळी आलेले सगळेच गाणारे नव्हते. हाताची घडी घालून बसणाराही तिकीट काढून आलेला असतो आणि रिकाम्या खुर्चीपेक्षा तो संघाला कितीतरी अधिक देतो, एवढे तुम्ही मान्य करावे.

वादकाला एक सूचना करतो. कॉर्नर घेण्याआधी ढोल क्षणभर थांबवा, चेंडू उडताच सुरू करा. अखंड वाजवण्यापेक्षा याचा परिणाम कितीतरी जास्त होईल, आणि मागच्या रांगाही तुमच्या सुरात सूर मिसळतील.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलीला सामन्याला न्यायचे आहे. कानांना अपाय होईल का? — एक आई, ठाणे

उत्तर : काळजी घेतल्यास न्यायला हरकत नाही. कामाच्या जागेसाठी अमेरिकेतील तज्ज्ञ जी मर्यादा सुचवतात, तीनुसार 85 डेसिबलचा आवाज आठ तास, तर 100 डेसिबलचा केवळ पंधरा मिनिटे सुरक्षित मानला जातो, कारण दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. ही मर्यादा प्रौढांसाठी आहे, तेव्हा मुलांच्या बाबतीत अधिक सावध राहावे. ढोल आणि ध्वनिक्षेपक या दोन्हींपासून दूर बसा. उघड्यावर अंतर दुप्पट केले की एका ठिकाणाहून येणारा आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. कापसाच्या बोळ्यांचा फारसा उपयोग नाही. मुलांच्या मापाचे, कान पूर्ण झाकणारे इअरमफ घ्या. घरी आल्यावर तिने कानात गुणगुण होत असल्याचे सांगितले आणि ती दुसऱ्या दिवशीही राहिली, तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : ढोल चालतो, तर व्हुव्हुझेलावर (प्लास्टिकच्या लांब भोंग्यावर) बंदी का घातली गेली? दोन्ही वाद्येच ना? — एक वाचक, वसई

उत्तर : 2010 च्या दक्षिण आफ्रिकेतील विश्वचषकात बंदीची मागणी झाली होती. ती आफ्रिकेची प्रेक्षकसंस्कृती आहे, अशी भूमिका घेऊन फिफाचे तत्कालीन अध्यक्ष सेप ब्लाटर यांनी ती फेटाळली. बंदी घातली ती युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, आपल्या स्पर्धांपुरती. युरोपातील मैदानांवर परंपरेने जी गाणी आणि जे उद्गार ऐकू येतात, ते सगळे या एका आवाजाखाली बुडतील, असे कारण युएफाने दिले. मला ते पटते. ढोलाच्या दोन ठोक्यांमध्ये मोकळी जागा असते आणि तिथे माणसाचा आवाज मावतो. हजारो व्हुव्हुझेले एकाच पट्टीत अखंड वाजतात, तेव्हा गोल झाला की हुकला हे कानांना कळत नाही. मात्र ज्या देशात लोक असाच सामना पाहत आले, तिथे जाऊन पाहुण्यांनी तक्रार करावी, हेही मला रुचले नव्हते.

प्रश्न : गाणारे प्रेक्षक आणि शांत प्रेक्षक यांच्या भांडणात मैदानावरच्या ध्वनिक्षेपकाबद्दल कोणीच का बोलत नाही? खेळ थांबला की लगेच कर्कश गाणी सुरू होतात आणि निवेदक ‘आवाज कुठे आहे?’ म्हणून ओरडतो. शिवाय मैदानाशेजारी राहणाऱ्यांना काही संरक्षण आहे का? — एक वाचक, अंधेरी

उत्तर : तुमच्या पहिल्या प्रश्नाशी मी पूर्णपणे सहमत आहे, आणि गिरगावचे वाचक व डोंबिवलीचा विद्यार्थी हे दोघेही असतील, असे वाटते. खेळ थांबलेला असताना प्रेक्षकांचा आवाज आपोआप तयार होत असतो. कोणी एक जण गाणे सुरू करतो, चार जण ते उचलतात, कधी ते फसते आणि हशा होतो. ध्वनिक्षेपक नेमकी हीच जागा व्यापतो. गोल होताच वाजणारे संगीत तर त्याहून वाईट, कारण लोकांच्या घशातून निघालेली आरोळी ते अर्ध्यावर कापते. संघनायकांची नावे, बदली खेळाडू, वाढीव वेळ आणि सुरक्षेच्या सूचना एवढ्यापुरताच ध्वनिक्षेपक वापरावा, असे पत्र आयोजकांना पाठवा. त्यावर ढोल वाजवणाऱ्या गटाच्या आणि शांतपणे पाहणाऱ्यांच्या, अशा दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्यास त्याचे वजन वाढेल.

दुसऱ्या प्रश्नासंबंधी ध्वनिप्रदूषण नियम, 2000 लागू होतात. निवासी क्षेत्रासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते. बंदिस्त जागा सोडल्यास रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाबरोबर वाद्येही वाजवता येत नाहीत. सायंकाळी साडेसातला सुरू झालेला सामना साधारणपणे साडेनऊच्या सुमारास संपतो, त्यामुळे अडचण येते ती विजयानंतर रस्त्यावर चाललेल्या वादनाची. त्या वेळी तक्रार पोलिसांकडे करायची असते. तारीख, वेळ आणि नेमके ठिकाण लिहून ठेवा, आणि शक्य असल्यास शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांनी मिळून एकच अर्ज द्या.