आधी पगार कुठून येतो ते बघ

पुणे

प्रिय मुली,

परदेशात व्हिसासह नोकरी शोधायला तू पाठवलेली साठ जागांची यादी पाहिली. शोध 'एपिडेमिऑलॉजिस्ट' (साथरोगतज्ज्ञ) या एकाच शब्दावर केलेला दिसतो, म्हणून यादी लांबली आणि उपयोगाचं त्यात थोडंच उरलं. पदाचं नाव सगळ्यात शेवटी बघायचं. आधी बघायचं की संस्था कायद्याने व्हिसा देऊ शकते का, आणि त्या जागेचा पगार कुठल्या पैशातून, कधीपर्यंत येणार आहे. आपल्या क्षेत्रात घोडं अडतं ते बहुतेक वेळा या पगारापाशीच.

एनएचएमची, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानाची, अकरा महिन्यांची ऑर्डर तुला माहीत आहे. अमेरिकेतल्या आरोग्य खात्यांतल्या बऱ्याच जागा त्याच जातीच्या, फक्त ऑर्डर जरा लांब. पैसा अनुदानाचा, अनुदान दर वर्षी नव्याने मंजूर व्हायचं. ज्या साहेबाला पुढच्या जूनपलीकडचा पैसा दिसत नाही, तो तीन वर्षांच्या व्हिसाच्या कागदावर सही कशी करेल? मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय आरोग्य खात्याने राज्यांना दिलेला कोविडकाळातला सुमारे ११ अब्ज डॉलरचा निधी मागे घ्यायचं जाहीर केलं, तेव्हा पहिला फटका अशाच जागांना बसला. म्हणून मुलाखतीच्या दुसऱ्या फेरीत सरळ विचार: हे पद कोणत्या अनुदानावर आहे आणि ते कोणत्या महिन्यापर्यंत मंजूर आहे? हा प्रश्न कुणाला उद्धट वाटत नाही. उलट मुलीला या धंद्यातलं कळतं, एवढं समोरच्याला समजतं.

अमेरिकेचं जरा सविस्तर लिहिते, कारण तुझा ओढा तिकडेच आहे. पुण्यात बसून थेट एच-वन-बीवर, म्हणजे मालकाने अर्ज करायच्या नोकरीच्या व्हिसावर, जायची वाट आता जवळजवळ बंद आहे असं समज. २१ सप्टेंबर २०२५ पासून देशाबाहेरच्या उमेदवारासाठी केलेल्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर शुल्क लावलं. विद्यापीठंही त्यातून सुटली नाहीत. तिथे शिकून तिथूनच स्टेटस बदलणाऱ्यांना ते लागू नाही, असं नंतर स्पष्ट झालं. हे नियम महिन्यागणिक हलतात, तेव्हा अर्ज करायच्या दिवशी यूएससीआयएसचं (तिथल्या इमिग्रेशन खात्याचं) पान पुन्हा उघडून बघ.

म्हणजे मुख्यतः उरतो शिक्षणाचा रस्ता, आणि त्यात एका आकड्यावर मुलं फसतात. एमपीएच (सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी) एपिडेमिऑलॉजी नावाची पदवी एक विद्यापीठ २६.१३०९ या सीआयपी कोडखाली (अभ्यासक्रमाच्या सरकारी क्रमांकाखाली) देतं, दुसरं ५१.२२०१ खाली. पहिला कोड स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या, यादीत आहे, दुसरा नाही. स्टेम असेल तर ओपीटीचे (शिक्षणानंतर काम करायच्या परवानगीचे) १२ महिने आणि वर २४, नसेल तर १२ महिन्यांत खेळ संपला. कोड आय-ट्वेंटीवर (विद्यापीठाने विद्यार्थी व्हिसासाठी दिलेल्या फॉर्मवर) छापलेला असतो, पण तोवर डिपॉझिट भरून झालेलं असतं. प्रवेश घेण्याआधी विभागाला ईमेल करून कोड लेखी मागव. ३६ महिने मिळाले तर मार्चातल्या एच-वन-बी सोडतीत साधारण तीनदा नाव घालता येतं. २०२६ पासून त्या सोडतीत कामगार खात्याने ठरवलेल्या पगाराच्या पातळीला वजन आहे. पहिल्या पातळीच्या पगाराला एक चिठ्ठी, चौथ्या पातळीला चार. नवख्या एपिडेमिऑलॉजिस्टचा पगार पहिल्या-दुसऱ्या पातळीतच बसतो, म्हणून सोडतीवर भिस्त ठेवू नकोस.

सोडतीतून सुटका हवी असेल तर एच-वन-बीच्या वार्षिक कोट्याबाहेरचे मालक शोध: विद्यापीठं, त्यांच्याशी संलग्न ना-नफा रुग्णालयं, ना-नफा संशोधन संस्था. इथे एक गैरसमज हमखास असतो, की राज्याचं आरोग्य खातं सरकारी म्हणून आपोआप कोट्याबाहेर. तसं नाही. सवलत सरकारी 'संशोधन' संस्थेला आहे. शिवाय कित्येक खात्यांत एपिडेमिऑलॉजिस्ट बाहेरच्या कंत्राटदाराकडून घेतात, व्हिसाचा अर्जही तोच कंत्राटदार करतो आणि त्याचं कंत्राट संपलं की तुझी नोकरी गेली. मग नवा मालक शोधायला हातात जास्तीत जास्त साठ दिवस. याउलट तेच काम विद्यापीठामार्फत चालणारीही खाती आहेत. जाहिरातीत 'एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड', म्हणजे कागदोपत्री मालक, कोण आहे ते वाच.

कोण खरंच व्हिसा देतं, हे कुणाला विचारत बसायची गरज नाही. अमेरिकेचं कामगार खातं दर तिमाहीला एलसीए अर्जांची (एच-वन-बीआधी मालक त्या खात्याला पगार कळवतो त्या अर्जांची) एक्सेल फाइल उघड करतं. ती उतरवून व्यवसायाच्या रकान्यात १९-१०४१ गाळ. तो एपिडेमिऑलॉजिस्टचा कोड. मालकाचं नाव, गाव, पगार, पातळी सगळं समोर येईल. मागच्या आठ तिमाह्यांत तीनदा तरी दिसलेल्या मालकांची वेगळी यादी कर. तुझ्या साठांतल्या किती जागा त्यात बसतात ते बघ. मला वाटतं दहाही बसणार नाहीत.

आता पुण्याचं. तू इथे आहेस याचा फायदा तुझ्या यादीत कुठेच दिसत नाही. बी. जे. मेडिकल आणि जॉन्स हॉपकिन्स यांचं संशोधन ससूनच्या आवारात वर्षानुवर्षं चालू आहे. केईएमच्या संशोधन केंद्राची वढूची गावपातळीवरची आरोग्य पाहणी-व्यवस्था आहे, एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) आहे, भोसरीची एचआयव्ही संशोधन संस्था आहे. अशा ठिकाणी दोन वर्षं डेटा मॅनेजर किंवा रिसर्च फेलो म्हणून काढलीस, तर तिकडच्या प्रमुख संशोधकाला तू ओळखीची होतेस, आणि त्याचं विद्यापीठ कोट्याबाहेरचं असतं. अनोळखी पोर्टलवर टाकलेल्या शंभर अर्जांपेक्षा ही एक ओळख भारी पडते. विद्यापीठं रिसर्च स्कॉलरला जे-वन या एक्स्चेंज व्हिसावरही बोलावतात. त्यात सोडतही नाही आणि ते एक लाखही नाहीत. फक्त पैसा सरकारी असेल तर दोन वर्षं मायदेशी राहायची अट चिकटू शकते. ही अट लावणारी अमेरिकेची एक देशवार कौशल्य-यादीही असते. डिसेंबर २०२४ पासून तिच्यात भारत नाही, त्यामुळे त्या कारणाने आता ती अट लागत नाही. डीएस-२०१९ या जे-वनच्या फॉर्मवर कोणाचा पैसा लिहिला आहे ते सही करण्याआधी वाच.

ब्रिटनचा हिशेब सोपा आहे, पण आकडा उंच आहे. जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर या नोकरीच्या व्हिसाला वर्षाला ४१,७०० पौंड किंवा त्या व्यवसायाचा ठरलेला दर, यातलं जे जास्त ते लागतं. विद्यापीठातल्या रिसर्च असिस्टंटचा पगार तिथे पोचत नाही. तू सव्वीसच्या आतली आहेस, किंवा तिथे शिकून ग्रॅज्युएट व्हिसावरून (शिक्षणानंतर तिथे राहून काम करायच्या व्हिसावरून) येशील, तर 'न्यू एन्ट्रंट' म्हणून किमान आकडा ३३,४०० पौंडांवर येतो. ही सवलत जास्तीत जास्त चार वर्षांची, आणि खुद्द भरती करणाऱ्या एचआरलाही ती पुष्कळदा ठाऊक नसते. कव्हर लेटरमध्ये एका ओळीत तूच लिही. ग्रॅज्युएट व्हिसा १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दोन वर्षांऐवजी अठरा महिन्यांचा होतोय, पीएचडीवाल्यांना तीन वर्षं कायम. परवानाधारक प्रायोजकांची यादी सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. पण यादीत नाव आहे म्हणजे ती जागा व्हिसासह आहे, असं मात्र नाही.

युरोपातल्या एपिएट या साथरोगशास्त्राच्या प्रशिक्षण फेलोशिपला तिथलं नागरिकत्व लागतं, त्यात वेळ घालवू नकोस. ऑस्ट्रेलियाचा विचार अनुभव तीन वर्षांचा झाल्यावर कर.

अर्जात एक प्रश्न येतोच: आत्ता किंवा पुढे कधी प्रायोजकत्व लागेल का? ओपीटीवर असताना मुलं 'नाही' टाकतात, कारण आत्ता लागत नसतं. प्रश्नात 'पुढे' आहे. 'हो'च टाक आणि खालच्या चौकटीत लिही की ३६ महिने मालकाचा व्हिसावर खर्च नाही, फक्त ई-व्हेरिफाय (कर्मचाऱ्याची कामाची परवानगी तपासायची सरकारी व्यवस्था) नोंदणी आणि आय-९८३ या फॉर्मवरचा प्रशिक्षण आराखडा लागेल. छोट्या संस्था याच दोन नावांना बिचकतात, म्हणून आराखड्याचा कच्चा मसुदा तूच तयार ठेव.

आता सीव्ही. 'जीबीएस साथीच्या सर्वेक्षणात सहभाग' ही ओळ काढून टाक (जीबीएस म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम). २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जे घडलं, त्यात सहभागी झालेले शेकडो जण आहेत. तू नेमकं काय केलंस? लाइन-लिस्टमधल्या (रुग्णांच्या यादीतल्या) दुबार नोंदी कशावरून ओळखल्यास, केस डेफिनिशन (कुणाला रुग्ण धरायचं त्याची व्याख्या) कोणती लावलीस, किती घरं, पाण्याचे किती नमुने, क्लोरीन कशाने मोजलं, 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणता आलेख काढलास? आकडे तुझ्या वहीत आहेत, ते घाल. मात्र महापालिकेची फाइल स्वतःच्या लॅपटॉपवर किंवा गिटहबवर (कोड ठेवायच्या संकेतस्थळावर) नको. दाखवायचा कोड बनावट डेटावर चालव. आणि फक्त आर येऊन भागत नाही. अमेरिकेतली बरीच खाती अजून सॅस या सॉफ्टवेअरवर बसलेली आहेत, सोबत एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) मागतात.

मुलाखतीत साधा तक्ता देतात आणि तिथेच चांगली मुलं घसरतात. समज, ४० रुग्णांपैकी २८ जणांनी विहिरीचं पाणी प्यायलं, ४० कंट्रोलपैकी (तुलनेसाठी घेतलेल्या, आजारी नसलेल्या लोकांपैकी) १४ जणांनी. २८ गुणिले २६, भागिले १२ गुणिले १४. ऑड्स रेशो (दोन गटांतल्या शक्यतांचं गुणोत्तर) ४.३, आणि ९५ टक्के मर्यादा साधारण १.७ ते ११. इथवर सगळे पोचतात. पुढे 'म्हणजे धोका चौपट' म्हणालीस की संपलं. ही केस-कंट्रोल आहे, म्हणजे रुग्ण आणि निरोगी आपणच निवडलेले, त्यामुळे धोका मोजलेलाच नाही. मग विचारतील की कंट्रोल कुठून घेतले. शेजारच्या सोसायटीतून घेतले आणि तिला टँकरचं पाणी असेल, तर तक्ता फक्त पत्ता मोजतो. आणि विहिरीचं नाव आधीच पेपरात छापून आलं असेल, तर रुग्णांना विहीर जास्त आठवते. ही दोन वाक्यं न विचारता बोललीस तर समोरचा मान वर करून बघतो.

कागदांत तुझा घोटाळा मला दिसला आहे. मार्कशीटवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एकत्र 'गिव्हन नेम'मध्ये. विद्यापीठाच्या प्रमाणपत्रावर वडिलांच्या नावाचं एकच अक्षर. तीन कागदांवर तीन माणसं. पदवीचं मूल्यमापन याच कारणाने आठवडेच्या आठवडे अडतं. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आत्ताच करून घे, आणि ट्रान्सक्रिप्टसाठी अर्ज करताना नाव पासपोर्टप्रमाणे लिही. अनुभवपत्र लेटरहेडवर हवं: तारखा, आठवड्याचे तास, कामाचं स्वरूप, सहीखाली पद. एनएचएमच्या करारांमध्ये मधला एक-एक दिवसाचा खंड दिसतो, त्यामुळे तुझी सलग तीन वर्षं कागदावर तीन तुकडे होतात. तो खंड प्रशासकीय होता, असं एक वाक्य त्यातच लिहून घे. तालुका आरोग्य अधिकारी बदलून गेले की ते वाक्य मिळवणं फार अवघड होतं.

डेक्कनवरचे सल्लागार 'व्हिसासह नोकरी' म्हणून पैसे मागतील. ब्रिटनमध्ये प्रायोजकत्वाचं प्रमाणपत्र विकणं बेकायदा आहे आणि स्किल्स चार्ज (परदेशी माणूस घेतल्याबद्दलचं सरकारी शुल्क) मालकानेच भरायचा असतो. अमेरिकेतही एच-वन-बीच्या अर्जाचा वकील मालकाचाच. तुझ्याकडून पैसे मागणारा तिथेच खोटा ठरतो.

ती एलसीएची फाइल गाळून झाली की पाठव. सोबत जीबीएसच्या कामाची सीव्हीतली ओळ, नव्याने लिहिलेली.

तुझी,
बाई