जाताना सोळा तास, येताना चौदा!

प्रश्न : लेकीकडे निघालोय. मुंबई ते न्यूयॉर्क थेट विमान आहे. जाताना सोळा तास, येताना मात्र चौदा. अंतर तर तेच ना? आणि रात्री दोनला निघून त्याच सकाळी साडेआठला कसे पोहोचणार?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नमस्कार काका. भूगोल शिकवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे असा प्रश्न आला की मला फार आनंद होतो. हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. ताशी नऊशेच्या वेगाने हिशेब चौदा तासांचा. पण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, कधी ताशी दोनशे किलोमीटरहूनही वेगाने. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात. हिवाळ्यात तर त्यांचा जोर आणखी वाढतो.

नातवाकडे पृथ्वीगोल असेल तर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून बघाच. भूमध्य समुद्रावरून न जाता तो थेट उत्तरेला, जवळजवळ ६५ अक्षांशापर्यंत चढतो! सपाट नकाशावर हे कळतच नाही. प्रत्यक्षात वारा आणि बंद हवाई हद्दी पाहून मार्ग रोज ठरतो, म्हणून वेळही थोडा पुढेमागे होतो.

घड्याळाचं म्हणाल, तर उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं. तुम्ही उतराल तेव्हा इथे संध्याकाळचे सहा, तिथे सकाळचे साडेआठ. हिवाळ्यात हा फरक साडेदहा तासांचा. तेव्हा लेकीला विमानतळावर त्याच तारखेला बोलवा.