नवरंग: नऊ की नवा?

प्रश्न असा आहे: नवरंग या पक्ष्याच्या नावातला 'नव' म्हणजे नऊ की नवा? आणि त्याला 'नवरंगी' म्हटलं तर चुकतं का?

संस्कृतातून आपल्याकडे दोन्ही 'नव' आले. नवग्रह, नवरस, नवरात्र यांत नऊ. नववधू, नवजात, नवयुग यांत नवा. शब्द लिहून पाहिला तर फरक दिसत नाही, अर्थानेच ठरवावं लागतं. पक्ष्याच्या बाबतीत मी निःशंकपणे 'नऊ' म्हणेन. विणीच्या दिवसांत नवा पिसारा चढवणारा हा पक्षी नाही, तो बारा महिने तसाच रंगीत असतो. शिवाय पंचरंगी, सप्तरंगी या शब्दांमुळे रंगाआधी संख्या घालायची आपल्याला सवयच आहे. नऊ रंग आहेत ज्याला तो नवरंग. म्हणजे दशमुख, त्रिनेत्र यांच्यासारखा बहुव्रीही.

रंग मात्र मोजायला बसू नये. पावसाच्या तोंडावर, मे-जूनमध्ये, सह्याद्रीच्या पायथ्याच्या रानात तो पाचोळा चोचीने उलटत किडे टिपत असतो. पाठमोरा असला की हिरवी पाठ आणि खांद्यावरचा चमकता निळा. तोंड फिरवलं की पांढरा गळा, फिकट बदामी छाती, डोळ्यावरून गेलेली काळी पट्टी. आखूड शेपटी वर उचलली तरच खालचा किरमिजी दिसतो, आणि पंखावरचा पांढरा ठिपका उडताना. सगळे रंग एकदम हाती लागतच नाहीत! इथला 'नऊ' हा नवकोट नारायणातला नऊ आहे. त्याचे कोटी कोण मोजतं?

आपण आणि हिंदी भाषकांनी हे नाव डोळ्यांनी ठेवलं. तमिळमध्ये त्याला 'आरुमणिक्कुरुवी', म्हणजे सहा वाजताचा पक्षी म्हणतात, कारण त्याची दोन सुरांची शीळ पहाटे आणि तिन्हीसांजेला घुमते. श्रीलंकेत हिवाळा काढायला गेला की सिंहली लोक त्या शिळेवरूनच त्याला 'अविच्चिया' म्हणतात. 'पिट्टा' या शास्त्रीय नावाचं मूळ तेलुगू आहे, अर्थ नुसता 'लहान पक्षी'. मला तमिळ नाव फार आवडतं. हा पक्षी दिसण्याआधी ऐकू येतो, ते त्या नावात बरोबर उतरलं आहे.

आता 'नवरंगी'. ते विशेषण आहे, 'नवरंगी पिसं' म्हणायला हरकत नाही. पक्ष्याचं नाव मात्र नवरंग, पुल्लिंगी: नवरंग दिसला, नवरंगाची शीळ, नवरंगाचं घरटं. 'मादीला नवरंगी म्हणावं का?' असंही विचारलं आहे. तशी गरज नाही. नर-मादी दिसायला सारखेच असतात, तेव्हा 'नवरंगाची मादी' एवढं पुरे.