कोहासाठी सर्व्हर केवढा असावा?

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात सुमारे २२ हजार पुस्तके आणि ९०० सभासद आहेत. ‘कोहा’ ही मुक्त ग्रंथालय प्रणाली बसवण्याचा कार्यकारी मंडळाचा विचार आहे. त्यासाठी ३२ जीबी रॅमचा सर्व्हर घ्यावाच लागेल, असे एका विक्रेत्याचे म्हणणे आहे. एवढा खर्च आवश्यक आहे काय? — एक ग्रंथपाल

उत्तर : नाही. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टची जुनी प्रणाली २००० साल ओलांडू शकणार नव्हती, म्हणून १९९९ मध्ये कोहा लिहिली गेली आणि तिच्या शाखांचे काम साध्या दूरध्वनीच्या तारांवरून चालत असे. प्रणाली तेव्हापासून पुष्कळ वाढली आहे. तरी तुमच्याएवढ्या ग्रंथालयासाठी चार कोअरचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी असलेला चांगला डेस्कटॉप सर्व्हर म्हणून पुरतो. ४ जीबीवरही काम भागते, पण मग हात आखडता राहतो.

पुस्तकांच्या संख्येने सहसा गोंधळ होतो. एका ग्रंथाची नोंद ३ किलोबाइटची धरली, तरी २२ हजार नोंदी ७० एमबीच्या आत बसतात. मेमरी खर्च होते ती मारियाडीबी (नोंदी साठवणारे विदागार, म्हणजे डेटाबेस), अपाचे (वेब सर्व्हर), प्लॅकच्या (कोहा वेगाने चालवणाऱ्या भागाच्या) प्रक्रिया आणि शोधसूची यांवर, आणि ती एकाच वेळी किती जण काम करीत आहेत, यानुसार वाढते. देवघेवीच्या टेबलावर दोघे आणि तालिका पाहणारे पाच-सात वाचक, एवढा भार फार नव्हे. शोधासाठी ‘झेब्रा’ हे शोधयंत्र वापरावे. ‘इलॅस्टिकसर्च’ हे दुसरे शोधयंत्र निवडल्यास मात्र रॅम दुप्पट धरावी. मराठी ग्रंथांसाठी झेब्राची मांडणी आयसीयू (युनिकोड अक्षरे नीट हाताळणाऱ्या) पद्धतीची करून घ्यावी, अन्यथा देवनागरी शोधात अडचणी येतात, आणि त्या अधिक रॅम घालून सुटत नाहीत.

कोहासाठी डेबियन किंवा उबुंटू ही लिनक्स प्रणाली लागते. विंडोजवर ती थेट बसत नाही. कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर मात्र काहीही बसवावे लागत नाही. तेथे अद्ययावत ब्राउझर चालला की झाले, त्यामुळे जुनी यंत्रे मोडीत काढू नयेत. यूएसबीचा बारकोड स्कॅनर संगणकाला कीबोर्डसारखाच वाटतो, त्यासाठी वेगळा खर्च धरू नये. सर्व्हर नेटवर्क स्विचला तारेनेच जोडावा आणि त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) स्थिर ठेवावा.

वाचलेला पैसा यूपीएसवर आणि बॅकअपवर घालावा, असा माझा आग्रह आहे. वीज अचानक गेल्यास विदागार बिघडू शकते. डेबियनच्या पॅकेजमधून बसवलेली कोहा रोज रात्री बॅकअप घेते खरी, परंतु ती प्रत त्याच डिस्कवर पडून राहते. डिस्क गेली की दोन्ही गेले. म्हणून दोन बाह्य डिस्का घेऊन आलटूनपालटून प्रत काढावी, त्यांपैकी एक ग्रंथालयाबाहेर ठेवावी, आणि तीन महिन्यांतून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवून उघडते की नाही, हे पाहावे. भाड्याचा क्लाउड सर्व्हरही चालतो, पण इंटरनेट गेले की देवघेव अडते.

खरेदीपूर्वी एखाद्या रिकाम्या संगणकावर डेबियन आणि कोहा बसवून हजारभर नोंदी भराव्यात, आणि ऐन गर्दीच्या वेळी त्यावर देवघेव करून पाहावी. त्या वेळचा रॅमचा वापर लिहून ठेवला, तर विक्रेत्याशी बोलताना हाताशी आकडा राहील.