अमेरिकन मालिकांमध्ये लेस्बियन पात्रं आणि लिंगभेद कसा दाखवतात? पाहताना नेमकं काय बघावं?

तुमचा प्रश्न अमेरिकन मालिकांबद्दल आहे, म्हणून उदाहरणंही तिथलीच घेते.

सगळ्यात आधी नामावली बघा. अभिनेत्रीचं नाव सुरुवातीला मुख्य कलाकारांत येतं की नंतर पाहुण्यांत? मुख्य कलाकाराशी दीर्घ करार असतो, त्यामुळे त्याला सहसा हात लावत नाहीत. मरायचं काम पाहुण्या पात्राकडे येतं, आणि लेस्बियन पात्रं वर्षानुवर्षं याच रांगेत उभी राहिली आहेत. 'बफी' या पिशाच्चांशी लढणाऱ्या मुलीच्या मालिकेतली तारा २००२ साली मेली. अँबर बेन्सन कितीतरी आधीपासून ती भूमिका करत होती, पण तिचं नाव सुरुवातीच्या नामावलीत आलं ते नेमकं ताराच्या मृत्यूच्या भागात!

मग मृत्यूच्या आधीचं दृश्य बघा. तारा आणि तिची प्रेयसी विलो यांचा नुकताच समेट झालेला असतो. बफीवर झाडलेली गोळी खिडकीतून येऊन ताराला लागते. 'द हंड्रेड' या मालिकेत ३ मार्च २०१६च्या भागात लेक्सा आणि क्लार्क या दोघी पहिल्यांदाच एकत्र येतात, आणि लगेच क्लार्कसाठी झाडलेली गोळी लेक्साचा जीव घेते. चौदा वर्षांनंतरही तीच मांडणी. लेक्साची अभिनेत्री दुसऱ्या मालिकेत गुंतली होती हे खरं, पण पात्राला पडद्याआड पाठवायला मारावंच लागतं असं नाही. सुखाला लागूनच मरण ठेवलं की प्रेक्षकाला ते शिक्षेसारखं दिसतं; लेखकाच्या मनात तसं नसलं तरी. प्रेक्षक इतके संतापले की निर्मात्याला माफी मागावी लागली. पुढे काही लेखकांनी 'लेक्सा प्लेज' नावाची शपथ काढली: केवळ दुसऱ्या पात्राचं कथानक पुढे न्यायला समलिंगी पात्र मारायचं नाही. आपल्याकडे तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' या नाटकातही मित्रा ही लेस्बियन तरुणी आत्महत्या करते, पण तिथे नाटकाच्या केंद्रस्थानी तीच आहे.

चुंबनाचा भाग कोणत्या महिन्यात आला, हेही तपासा. अमेरिकेत फेब्रुवारी, मे आणि नोव्हेंबरमध्ये प्रेक्षकसंख्या खास मोजत आणि त्यावर जाहिरातींचे दर ठरत. 'एल.ए. लॉ' या वकिलांवरच्या मालिकेतलं दोन स्त्रियांचं गाजलेलं चुंबन फेब्रुवारी १९९१चं आहे. पुढच्या भागांत त्या नात्याचं काय होतं ते बघितलं की हेतू कळतो.

लिंगभेदाच्या बाबतीत बहुतेक मालिका घोटाळा करतात. एखादा टोमणे मारणारा साहेब दाखवायचा, शेवटी त्याची खोड मोडायची, संपलं. प्रत्यक्षात भेदभाव नियमांत असतो. 'द एल वर्ड' या लेस्बियन मैत्रिणींवरच्या मालिकेत सैन्यातल्या टाशाची चौकशी होते ती 'डोन्ट आस्क, डोन्ट टेल' या धोरणाखाली (समलिंगी असल्याचं उघड झालं की सैन्यातून काढत), आणि प्रेयसी ॲलिसवरचं प्रेम कबूल केल्यावर तिची नोकरी जाते. तिथे कोणी खलनायक लागतच नाही. ते धोरण २०११मध्ये रद्द झालं.

आणि समलिंगी म्हणून होणारा भेदभाव आणि लिंगभेद या दोन गोष्टी वेगळ्या समजू नका. १५ जून २०२० रोजी बोस्टॉक खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, समलिंगी म्हणून नोकरीवरून काढणं हा लिंगभेदच आहे. स्त्रीवर प्रेम करणारा पुरुष नोकरीत राहतो आणि स्त्री जाते, तर फरक केवळ तिच्या लिंगाचा उरतो. बहुतेक मालिका मात्र लेस्बियन पात्राला प्रेमकथा देतात आणि ऑफिसातला अन्याय दुसऱ्या बाईला. 'द वायर' या पोलिसांवरच्या मालिकेतली लेस्बियन पोलीस किमा ग्रेग्ज मला म्हणूनच मोलाची वाटते: गोळी लागूनही वाचते, पोलिसांत टिकते, घरी जोडीदाराशी भांडते आणि पाचही पर्वं मालिकेत राहते.