कॅडिलॅक गाव, पण गाडी नाही

प्रश्न : लेकीकडे मिशिगनला गेले होते, तेव्हा कॅडिलॅक गाव पाहिलं. जावई म्हणाले, कॅडिलॅक मोटारीचा कारखाना इथला नव्हे. मग हे नाव कसं? आणि बागेत ठेवलेलं ते एका अंगाला कललेलं इंजिन कसलं? – एक वाचक, सातारा

उत्तर : जावईबापूंचं बरोबर आहे. १७०१ मध्ये डेट्रॉइट वसवणाऱ्या फ्रेंच सरदाराचं नाव गावानेही घेतलं, नंतर मोटारीनेही. १८७७ पर्यंत हे गाव क्लॅम लेक, म्हणजे शिंपल्यांचं तळं. मला तेच गोड वाटतं!

ते वाफेचं रेल्वे इंजिन मात्र खास इथलंच. जवळच राहणाऱ्या इफ्रेम शे या लाकूडवाल्याने जंगलातून ओंडके आणायला ते बनवलं, पेटंट १८८१ चं. उभे सिलिंडर उजवीकडे, म्हणून बॉयलर डावीकडे सरकवलेला. गिअरमुळे सगळी चाकं ओढतात, चढावरही घसरत नाहीत.

दोन तळ्यांमधला कालवा पाहिलात ना? तोही ओंडक्यांसाठीच, १८७३ चा. आता त्यातून पर्यटकांच्या होड्या जातात. हिवाळ्यात तो तळ्यांआधी गोठतो आणि तळी गोठली की स्वतः वितळतो. पुढच्या खेपेला जानेवारीत जा, स्वेटर दोन न्या.