ब्रिटनची कोच टूर: आधी मुक्कामाचा पत्ता विचारावा

वडील ७३ वर्षांचे, आई ६८ वर्षांची, जुलै महिना आणि लंडनहून बाथ, कॉट्सवोल्ड्स, यॉर्क, लेक डिस्ट्रिक्ट करत एडिनबरोला पोहोचणारी सात दिवसांची कोच टूर, म्हणजे आरामबसची सहल. पैसे भरावेत का, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते जरूर भरावेत, परंतु त्याआधी रोजचा मुक्काम नेमका कोणत्या पत्त्यावर आहे, हे टूरवाल्यांकडून लेखी मागून घ्यावे. माझ्या पहिल्या सहलीच्या पत्रकात ‘यॉर्क परिसर’ असे छापले होते, आणि प्रत्यक्षात हॉटेल निघाले रिंग रोडवर, पेट्रोल पंपासमोर.

याचे महत्त्व एवढ्यासाठी की, जुलैत तेथे रात्री नऊपर्यंत चांगला उजेड असतो, मात्र बरीचशी दुकाने पाच-साडेपाचला बंद होतात, दिवसापुरते आलेले लोक परततात आणि त्यानंतरच ही जुनी गावे निवांतपणे पाहता येतात. दुसऱ्या खेपेस आमचे हॉटेल यॉर्कच्या जुन्या तटबंदीच्या आत होते. जेवण उरकून आम्ही शॅम्बल्स या खाटकांच्या जुन्या गल्लीत गेलो. दोन्ही बाजूंच्या लाकडी माड्या इतक्या पुढे झुकलेल्या आहेत की वर आकाशाची केवळ पट्टी उरते, आणि मांस टांगण्याचे लोखंडी आकडे व ते मांडण्याच्या रुंद फळ्या काही दुकानांच्या दर्शनी बाजूस आजही आहेत. तटबंदीवर चालायला पैसे पडत नाहीत. ती सुमारे ३.४ किलोमीटर लांब असली, तरी आपल्या आईवडिलांना बूथम बार ते मंक बार (येथे ‘बार’ म्हणजे तटाची वेस) हा मिन्स्टरच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चच्या, मागून जाणारा टप्पा पुरेसा आहे. मात्र तटावर काही ठिकाणी आतल्या बाजूस कठडा नाही, त्यामुळे वडिलांसोबत कोणीतरी असावे.

आता वेळेचे गणित. गुगल नकाशा मोटारीचा वेळ दाखवतो; कोचला ताशी १०० किलोमीटरचा वेगनियंत्रक बसवलेला असतो, शिवाय साडेचार तास गाडी चालवल्यावर चालकाला ४५ मिनिटांची विश्रांती कायद्यानेच घ्यावी लागते. वाहतूक कोंडीत गेलेला वेळ या विश्रांतीतून कापता येत नाही, तो पुढच्या गावाच्या वाट्यातून जातो. त्यामुळे गाइड दहा मिनिटांच्या उशिरावरून कुरकुरला तर रागावू नये. (उशीर करणाऱ्यांत आपली मंडळी अनेकदा आघाडीवर असतात, हे कबूल केले पाहिजे.)

वाटेत स्टोनहेंज हे प्रागैतिहासिक शिळावर्तुळ असल्यास तेथे किती वेळ मिळणार, हेही विचारावे. माहिती केंद्रापासून शिळा सुमारे अडीच किलोमीटरवर आहेत, तिथवर शटल बसने किंवा पायी जावे लागते आणि एरवी शिळांच्या वर्तुळात प्रवेश नसतो. दीड तासाच्या थांब्यातील बराच भाग रांगेतच संपतो.

बॅगांची चिंता नको, त्या बहुतेक टूरवाले खोलीपासून गाडीपर्यंत नेतात. शाकाहारी जेवणाचे मात्र आरक्षणाच्या वेळीच कळवावे.

पत्त्यांपैकी निम्मे शहराबाहेरचे निघाल्यास ही टूर सोडून द्यावी, लंडनहून आगगाडीने सुमारे दोन तासांत यॉर्कला जाऊन तीन रात्री राहावे आणि कॉट्सवोल्ड्स लंडनहून एका दिवसाच्या कोचने उरकावे.